धूप की झीज

"मॅडम, तुमच्या कोड्यान आमच्या घरात भांडाण लावल्यान!"

माझ्या टेबलासमोर सुनंदाताई उभ्या होत्या. मागे त्यांचे यजमान बाळाकाका, हातात आमच्याच पेपरची घडी. पिंगुळीहून दोघं कुडाळच्या बाजाराला आले होते आणि थेट ऑफिसात शिरले होते.

मी इथल्या एका दैनिकात रविवारचं शब्दकोडं रचते. त्या रविवारचं कोडं बक्षिसाचं होतं. बरोबर उत्तरं पाठवणाऱ्यांतून एक चिठ्ठी काढायची आणि त्याला हापूसची पेटी द्यायची.

भांडण एका संकेतावरून होतं: 'पाण्यामुळे किनाऱ्याची ही होते.' दोन अक्षरं. माझं उत्तर धूप. बाळाकाकांचंही तेच. ताईंनी झीज लिहिलं होतं.

"पेपरात रोज काय येता? किनाऱ्याची धूप!" काका म्हणाले.

"धूप मातयेची होता. माजा म्हायेर दर्यार. थंय कातळ आसा, तो झिजता. माती खंय आसा थंय?"

मी निवांत होते. असा वाद उभा शब्द मिटवतो. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात त्या चौकटीत एकच अक्षर बसतं, म्हणून चुकीचं उत्तर उघडं पडतं. इथे शेवटच्या अक्षरावर एक उभा शब्द संपत होता. संकेत: 'बायकांचा एक दागिना.' माझं उत्तर काप, कानातले.

"ताई, मग उभा शब्द कसा जमवलात?"

"साज लिवलंय. गळ्यातलो."

मी कोडं ओढून घेतलं. काप आणि धूप. साज आणि झीज. दोन्ही जोड्या चपखल बसत होत्या. कोड्याच्या त्या कोपऱ्यात बाकीच्या अक्षरांना दुसरा कुठला शब्द छेदतच नव्हता.

दोघांना चहा सांगितला आणि मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले.

"उत्तर ठरलेलं आहे ना?" ते म्हणाले. "संपादकांचा निर्णय अंतिम, तसं छापलंय आपण."

"निर्णय अंतिम आहे, सर. पण झीज चूक का, हे वाचकांना काय सांगायचं?"

"दोन उत्तरं मान्य केली तर लोक म्हणतील, यांनाच कोडं येत नाही."

"एकच केलं तर ते सिद्ध करून दाखवतील. एक पुरावा बाहेर चहा पितोय."

त्यांनी आलेल्या उत्तरांचा गठ्ठा मागवला. वरची काही चाळली. धूप, झीज, झीज, धूप. चष्मा काढला.

"दोन्ही धरा. खुलासा तुमच्या नावाने जाईल."

"जाऊ दे, सर."

बाहेर येऊन सांगितलं, तर दोघांचेही चेहरे पडले.

"म्हणजे जिंकला कोण?" काकांनी विचारलं.

"दोघंही."

"ह्या काय खरा नाय," ताई म्हणाल्या, आणि जिना उतरताना वाद पुन्हा सुरू झाला.

चिठ्ठी निघाली इन्सुलीच्या एका शिक्षकांची. आंब्याची पेटी तिकडे गेली. खुलाशाबद्दल एकही तक्रार आली नाही.

हल्ली कोडं पानावर लावण्याआधी मी ते मुद्दाम चुकीचं सोडवून बघते. एखादं वेगळं उत्तर बसलं, की संकेत बदलते. शब्दाला दोन अर्थ असले तर चालतं. कोड्यातल्या एका जागेला दोन शब्द चालत नाहीत.