यंत्रानं रंगवलेला लालकंधारी

आमच्या वडिलांच्या बैलाला यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हाची एक फिल्म आमच्याकडं आहे. कृष्णधवल आणि मुकी. तिच्यातला बहुतेक वेळ प्रमुख पाहुण्यांनी खाल्लाय. बैल शेवटी येतो, हार घालून घेण्यापुरता.

बैल लालकंधारी, आमच्या कंधारकडचाच. दुसरा आलेला देवणी, पांढऱ्यावर काळे चट्टे असलेला, अहमदपूरच्या एका शेतकऱ्याचा. पुढं मी त्याच शेतकऱ्याचा जावई झालो. सोयरीक जमली, निकाल मात्र सासऱ्यांना आजवर मान्य नाही. निकाल देणारे प्रमुख पाहुणे कंधारचे होते, एवढंच ते म्हणतात. फिल्ममध्ये तर आमचा बैल नुसता मळकट दिसतो, हा त्यांचा पुरावा. म्हणून एआयनं जुनी चित्रं रंगीत होतात हे कळल्यापासून वडिलांचा एकच धोशा होता: व्याह्यांना बैल लाल दाखवायचा.

दिवाळीत सासरे कंधारला आले, तेव्हा रंगवलेली फिल्म टीव्हीवर लावली. यंत्रानं प्रमुख पाहुण्यांवर जीव ओतला होता. गाल गुलाबी, ओठ गुलाबी; भर उन्हात तीन भाषणं करून इतका टवटवीत राहिलेला माणूस मराठवाड्यात माझ्या पाहण्यात नाही. मग बैल आला. म्हशीसारखा राखाडी. शेजारी उभा असलेला देवणी होता तसाच होता.

“आमच्याला रंगवायची गरजच न्हाई, पावणं,” सासरे म्हणाले. “काळा-पांढराच हाय त्यो.”

मी घाईनं लॅपटॉप उघडून बैल लाल करायला सांगितलं. यंत्रानं केला. एसटीसारखा लाल. वडील उठून आत निघाले.

सासरे मात्र पडद्याजवळ सरकले होते.

“असा कुठं हुता?” ते माझ्यावरच खेकसले. “भिजल्या विटंवानी हुता. मानंवर आन् वशिंडावर काळपट. तेल चोळून आणला हुता त्या दिशी, उन्हात असा चमकत हुता की माझ्या बैलाकडं कुणी बघंना.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चिवड्याची बशी पुढं ओढली आणि पाहुणे कंधारचेच होते हे आम्हाला पुन्हा एकदा बजावलं.

वडील दारातच थांबले होते. आणखी एकदा रंगवून बघू का, असं मी विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “दिसला.”