नागोकाकांचा काटा

काचेखाली काटा दिसला की नागोकाका आधी त्या काचेवर नख वाजवायचे. टक, टक. मग तो काटा माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा असो, नाहीतर डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्राचा. अडकलेला काटा नख वाजवल्याशिवाय खरं बोलत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा आमच्याकडे चहाला आले, कप हातात घेऊन उठले आणि भिंतीवरच्या घड्याळाची काच वाजवून परत बसले. माझ्या सासूबाई नुकत्याच गावाहून आल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "यांचं काही हरवलंय का?"

त्यांची सगळी नोकरी धर्माबादच्या एका वजनकाट्यावर गेली होती. मिरचीचे, सोयाबीनचे ट्रक तिथं रांगेत उभे असायचे. काका केबिनमध्ये मोठ्या गोल तबकडीसमोर बसायचे. एक ट्रक उतरला की काटा पूर्ण शून्यावर येईपर्यंत ते दुसऱ्याला चढू द्यायचे नाहीत. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून कान किटवायचे, व्यापारी तणतणायचे. काका काचेवर दोनदा नख वाजवायचे, खात्री करायचे आणि मग खिडकीतून हात काढून ओरडायचे, "येऊ द्या!" पुढे काट्याला कॉम्प्युटर जोडला आणि काका घरी बसले. म्हणजे बसले असं नुसतं म्हणायचं, बसणं त्यांच्या अंगात नव्हतंच. "आकडा उडी मारतो बा," ते म्हणायचे. "काटा चालत येतो. चालत येणारं दिसतं तरी."

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये कमरेइतकी भिंत. माझा धंदा घरांच्या वायरिंगचा, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूला मी जबाबदार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. काकूंच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेड सुरू झालं. रेल्वे होती, पण डायलिसिसनंतर काकूंना फलाटावर उभं राहवत नसे. काकांनी जुनी पांढरी व्हॅन घेतली, मागच्या सीटवर गादी टाकली आणि चावी करदोड्याला बांधली. ती कुणाला म्हणून देत नसत. लातूरची लेक सुनीता स्वतः गाडी चालवते, ती आली की म्हणायची, "बाबा, आज मी नेते आईला." काका म्हणायचे, "तुझं चालवणं चांगलंच हाय गं. पण मला बाजूला बसवत न्हाई."

एकदा नांदेडहून परत येताना नरसीच्या अलीकडे व्हॅन बंद पडली. बॅटरीचं चार्जिंग कधीच थांबलं होतं आणि ते सांगणारा समोरचा लाल दिवाच गेलेला होता. भर उन्हाळा. काकू मागे पडून, तोंडावर ओला टॉवेल. काका रस्त्यात उभे राहून येईल त्या गाडीला हात करत होते. शेवटी एका टेम्पोवाल्याने ओढून आणलं. काकू दोन दिवस उठल्या नाहीत. काकूंना काही बरंवाईट झालं असतं तर काका तिथंच रस्त्यावर वेडे झाले असते, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगू शकत होतो.

काकू उठून बसल्या त्याच दिवशी ते भिंतीशी आले. हातात खोकं, खोक्यात गोल काट्याचा व्होल्ट मीटर. बॅटरीचा जोर काट्यावर दाखवणारा. मध्ये हिरवा पट्टा, खाली लाल.

"भास्कर, हे बसव."

"काका, मी घरांची वायरिंग करतो. गाड्यांची नाही."

"वीज तीच हाय ना? का गाडीतली येगळ्या जातीची हाय?"

बसवलं. स्टिअरिंगशेजारी भोक पाडलं, काळी तार पत्र्याचा रंग खरवडून बॉडीला कसली, लाल तारेत फ्यूज घातला. लाल तार चावीच्या तारेवर घ्यायची, म्हणजे चावी फिरवली की काटा उठतो आणि बंद केली की झोपतो, एवढं साधं काम. पण काकांनी माझं मनगट धरलं.

"चावीवर नको. सरळ बॅटरीवर घे. मीटरच्या आतला दिवा पण."

"अहो, मग दिवसरात्र चालू राहील ते. बॅटरी खाईल."

"खाऊ दे. मला पडलेला काटा बघवत न्हाई."

मला चेष्टा सुचली. म्हटलं, "काट्यावर शून्य दिसल्याशिवाय ट्रक चढू द्यायचा नाहीत, आणि इथं शून्य नको होय?"

"तिथलं शून्य येगळं," काका म्हणाले. "तिथं शून्य म्हणजे काटा रिकामा. हितं शून्य म्हणजे..." ते काकूंच्या खोलीकडे बघत उभे राहिले. मी मुकाट्याने तार बॅटरीवर कसली.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीला चपलांचा फटफट आवाज मागे लागला. काका ओसरीवरून उठायचे, व्हॅनच्या काचेला नाक लावायचे, परत यायचे. पाणी प्यायचे, परत उठायचे. जेवताना हात धुवायच्या निमित्ताने एक फेरी. संध्याकाळी व्हॅन जागेवरच चालू करून काटा वर चढवायचे आणि आमच्या दोरीवरच्या कपड्यांना पेट्रोलचा वास लागायचा. बायको माझ्यावर चिडायची, कारण ते यंत्र मी बसवलं होतं. मी कुणावर चिडणार?

आणि जे व्हायचं तेच झालं. काकूंना ताप भरला, नांदेडला ॲडमिट करावं लागलं. मुक्काम लांबला. काका खाटेजवळून हलले नाहीत आणि व्हॅन बाहेर उभी राहिली. डिस्चार्जच्या दिवशी काटा तळाला आणि स्टार्टर मुका. चार जणांनी ढकलून गाडी सुरू केली. मला फोनवर सांगताना काका मीटरलाच शिव्या देत होते.

"मीटरचा काय दोष?" मी ओरडलो. "तोच पितोय बॅटरी! आल्यावर चावीवर घेतो."

"हात लावायचा न्हाई. मी रोज चालू करतो की. ते खाली जाऊन राहिलं का वर, हे मला कळाया पाहिजे. कळलं की माणूस काहीतरी करतो."

काकू घरी आल्यावर मी भेटायला गेलो. उशीला टेकून बसल्या होत्या. काका दारातून डोकावले, "कसं वाटून राहिलं?" म्हणाले, गेले. थोड्या वेळाने परत डोकावले. काकू मला म्हणाल्या, "बघ. त्या डब्याकडं बघत्यात तसं माझ्याकडं बघून राहिलेत. सारखा दिवा लावून ठेवला की बॅटरी उतरते म्हणाला ना तू? माझी बी उतरून राहिली." आम्ही दोघं मोठ्याने हसलो. बाहेर व्हॅनच्या काचेवर नख वाजल्याचा आवाज आला आणि काकूंचं हसू थांबलं. "भिऊन राहिलेत रे," त्या हळू म्हणाल्या. "मी गेल्यावर ह्या माणसाला बसवायचं कसं कोणी?"

काकू हिवाळ्यात गेल्या. नांदेडला जायचा दिवस होता. काकांनी सकाळी व्हॅन पुसली होती, गादीवर धुतलेली चादर घातली होती. उठवायला गेले तर काकू उठल्या नाहीत. रडण्याचा आवाज ऐकून मी भिंतीवरूनच उडी मारली. जाताना व्हॅनमध्ये नजर गेली. काटा हिरव्या पट्ट्यात सरळ उभा होता. इतका राग मला कुठल्याच वस्तूचा कधी आला नव्हता.

मग चपलांचा आवाज बंद झाला. काका ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे. व्हॅनमधला दिवा रोज थोडा पिवळा होत गेला, काटा लाल पट्ट्यात उतरला. मला ते बघवेना. म्हटलं, "काका, चावी द्या, जरा चालू करतो." ते म्हणाले, "राहू दे." एका संध्याकाळी दिवा विझला. काकांनी तिकडे मान वळवली, तेवढंच.

तेरावं झालं. सुनीता त्यांना लातूरला न्यायला थांबली होती. "गाडी घेऊनच जाऊ बाबा," ती म्हणत होती. निघायच्या आदल्या दिवशी काका भिंतीशी आले.

"भास्कर, ती तार चावीवर घे."

मी बॅटरी चार्ज केली, लाल तार काढून चावीच्या तारेला जोडली. बारकंसं काम, पण पट्टी तीनदा गुंडाळावी लागली.

सकाळी काका स्टिअरिंगवर बसले, करदोड्याची चावी सोडून फिरवली. काटा उठला. चावी बंद केली. काटा मागे आला आणि शून्यावर थांबला. काका वाकले. टक, टक. काटा हलला नाही. मी नकळत वाट बघत राहिलो, आता खिडकीतून हात बाहेर येईल, आता "येऊ द्या" ओरडतील. ते खाली उतरले, चावी सुनीताच्या हातात दिली.

"तू चालव," म्हणाले.

सुनीता माझ्याकडे बघतच राहिली. काकांनी मागचं दार सरकवलं, गादीवरची चादर हाताने सारखी केली आणि काकू टेकायच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसले. तिथून काटा दिसत नाही.