आई पडली नाही

आमच्या घरी रोज दुपारी एक तरी बाई मूर्च्छा येऊन पडायची. कादंबरीतली. भिवंडीच्या वाचनालयातून मी पिवळ्या पानांच्या जुन्या कादंबऱ्या आणायचे आणि आईला वाचून दाखवायचे, कारण तिला अक्षरओळख नव्हती. ती भिंतीला टेकून लूमवरून आलेल्या कापडाचे सुटे धागे कापत ऐकायची. कादंबरीत तार यायची, नायिकेच्या पायाखालची जमीन सरकायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ती धाडकन कोसळायची. मग कुणीतरी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायचं.

"परत पडली?" आई कात्री न थांबवता म्हणायची. "हिच्या घरात भाकऱ्या कोन थापतं?"

मला मात्र ते पडणं फार आवडायचं. दुःख खरं असेल तर माणूस उभा राहूच शकत नाही, असं मला मनापासून वाटायचं. नुकतीच कॉलेजात गेले होते, अक्कलही तेवढीच.

एका दुपारी आई कापड पोचवायला गेली होती. बाबा काल्हेरच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायचे. तिथल्या मुकादमाचा माझ्या मोबाइलवर फोन आला. "बेटा, घर में कोई बड़ा है?" मी म्हटलं, मीच आहे, बोला. बाबांच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आईला हे आता मलाच सांगायचं होतं. ती ऐकूनच जाईल, असं मला वाटलं. एका दिवसात दोघं जातील आणि मी एकटी उरेन. रडायचं सोडून मी स्वयंपाकघरात गेले, बुक्कीने कांदा फोडला, तांब्याभर पाणी घेतलं. पडताना डोकं फरशीवर आपटू नये म्हणून दाराशी गोधडी अंथरली. एवढ्या कादंबऱ्या वाचून शिकले ते एवढंच.

आई आली. तिने गोधडी बघितली, माझ्या हातातला कांदा बघितला.

"कोन?" तिने विचारलं.

"बाबा."

मी तिला धरायला हात पुढे केले. ती पडली नाही. तिने कांदा काढून घेतला, माझे हात धुतले, दाराला कुलूप लावलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "डबा खाल्लेला का त्यांनी?"

मला तिचा भयंकर राग आला. नवरा गेला आणि हिला डब्याचं पडलंय! पुढे दिवस घातले, बायका तिला गदागदा हलवून रड म्हणाल्या, तरी ती कोरडीच. मी तिच्याशी धड बोलेनाशी झाले.

दोनेक महिन्यांनी मी तिला तोंडावर म्हणाले, "तुला काहीच कसं वाटलं नाही गं?" हे वाक्य आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"पाय गेलेलेच माझे," ती म्हणाली. "पन तू समोर उभी, लटलट कापत. घरात दुसरं कोन न्हाय. मी पडली असती त तुला कोनी धरली असती?"