वाट बघणं टोकनपासून सुरू

अक्काच्या पायाचा अंगठा वाचवायचा, एवढीच आमची धडपड होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला शुगर, त्यात अंगठ्याची जखम चिघळलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ड्रेसिंग चुकवू नका आणि पायावर भार देऊ नका.

ड्रेसिंगला आम्ही घराजवळच्या सरकारी दवाखान्यात जायचो. पूर्वी आत बाकावर बसायला मिळायचं. मग कुणा शहाण्यानं ठरवलं की दवाखान्यांचा कारभार मोजायचा. पेशंट किती वेळ ताटकळतो, नवीन काय केलंत, सगळ्याला मार्क. आमच्या दवाखान्यानं नवीन काय केलं, तर टोकनचं मशीन आणलं. टोकन निघालं की वाट बघण्याचा वेळ मोजायला सुरुवात. मग काय, टोकनच द्यायचं नाही. डॉक्टर मोकळे होईपर्यंत सगळे गेटबाहेर, फुटपाथवर, उन्हात. वॉचमन रोज गोड तोंडानं म्हणायचा, स्वल्प थांबा अक्का, जरासंच. त्या गोडव्याचीच मला किळस यायची.

एक दिवस मार्क देणारी मुलगी आली. शहरातल्या एचएसआर लेआउट भागातल्या कुठल्याशा ऑफिसची, हातात टॅब. आतले रिकामे बाक बघून खूश झाली. अक्का टोकन घेऊन आत आली तशी तिनं विचारलं, किती वेळ थांबलात? अक्का हसून म्हणाली, लगेच घेतलं की. उद्या परत यांच्याचपुढे पाय करायचा होता ना तिला. माझं मात्र डोकं फिरलं.

"तासभर बाहेर उभी होती ही. ते लिहा."

"मॅडम, गेटबाहेरचं आमच्यात येत नाही."

मुलगी वाईट नव्हती. पण मला शिसारी आली, तिची, त्या मशीनची, आणि मान डोलावणाऱ्या माझ्या सख्ख्या बहिणीचीसुद्धा. नर्सनं अक्काची चप्पल काढली तेव्हा पट्टी रक्तानं ओली झाली होती.

अंगठा शेवटी मोठ्या इस्पितळात काढावा लागला. उभं राहिल्यामुळेच गेला असं मी म्हणत नाही, शुगर मेली आहेच. पण त्या फुटपाथला मी माफ करणार नाही.

आता त्या जागेचं ड्रेसिंग पुन्हा तिथंच. जवळ दुसरं काही नाही. दवाखान्याला उत्तम व्यवस्थापनाची ढाल मिळाली आहे, आणि मी घरून घडीचं स्टूल नेते. परवा अक्काला गेटपाशी बसवलं तर वॉचमन लगबगीनं आला.

"इथं बसवू नका हं. आज फोटो काढणार आहेत."

मी तोंड उघडायच्या आत अक्का उठून उभी राहिली.