‘लहानपणापासून अशक्त’

सुनील गेल्याचं कळलं तेव्हा मी फोनवर ताटकळत होते. विमा कंपनीच्या फोनवर. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं एक गोड गळ्याची बाई पुन्हा पुन्हा सांगत होती आणि मधल्या वेळात बासरी वाजत होती. तेवढ्यात मनीषाचा, म्हणजे सुनीलच्या बायकोचा, फोन मध्येच आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा उचलला. “ताई, आता राहू द्या...” एवढंच ती म्हणाली. त्याला दीड महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं असं म्हणतात. पण मला रडू येण्याआधी संताप येतो, आणि तो गिळून गोड गोड लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही.

सुनील माझा मावसभाऊ. माझ्याहून थोडासाच लहान, त्यामुळे ‘ताई’ म्हणायचा तेही चिडवायला. मावशी आणि काका लग्नानंतर खानदेशातल्या पारोळ्याहून सुरतेला आले, काका कापडाच्या लूमवर कामाला लागले आणि सुनील तिथल्या पांडेसऱ्यातच वाढला. पुढे तो डाइंग मिलमध्ये कलर मास्टर झाला. साडीला कुठला रंग किती द्यायचा हे ठरवणारा माणूस. त्याच्या नखांत सतत कुठला तरी रंग असायचा. आमच्या घरी जेवायला बसला की माझी आई म्हणायची, आधी ते हात धू, आणि हा म्हणायचा, “मावशी, धुतलेलेच आहेत, हा पक्का रंग आहे.” कानबाई देवीच्या विसर्जनाला सकाळी नाचायला लागला की तापीपर्यंत थांबायचा नाही. कापडाचा ताका खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत जिना चढायचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हाच माणूस जन्मापासून आजारी होता असं पुढे कागदावर सिद्ध करण्यात आलं.

ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. उधन्याजवळच्या रुग्णालयात त्याला दाखल केलं तेव्हा मनीषा पैसे भरायच्या खिडकीवर होती आणि त्याच्या उशाशी मावशी. एक तरुण डॉक्टर केस पेपर घेऊन आला. पूर्वीचा काही आजार? मावशीने जे सांगितलं ते आपल्याकडची कुठलीही आई सांगेल. “डाक्टर, तो ते धाकलपणपाईनच कमजोर शे. त्याना आंगमा पहिलेपाईन रगत कमी शे.” लहानपणापासूनच अशक्त, अंगात रक्त कमी. तिच्या दृष्टीने सुनील कधी नीट जेवलाच नव्हता. चार भाकरी खाऊन उठला तरी ती म्हणायची, याच्या पोटात काही जात नाही. मुलाकडे जरा जास्त लक्ष द्या, एवढंच तिला डॉक्टरला सांगायचं होतं. त्याने ते लिहून घेतलं. त्याचा दोष नाही, लिहिणं त्याचं कामच होतं.

केमोथेरपीने रोग दबला. पहिली बिलं विमा कंपनीने फारशी खळखळ न करता दिली. अहमदाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता स्टेम सेलचे उपचार करायचे, दुसऱ्याच्या निरोगी पेशी याच्या शरीरात रुजवायच्या, आणि ते रोग दबलेला आहे तोवरच करायचं. त्याच्या नंदुरबारच्या बहिणीच्या पेशी जुळल्या. मावशीने देवापुढे साखर ठेवली. सुनील म्हणाला, “इतके रंग बनवले, लाल तेवढा बहिणीकडून उसना घ्यावा लागतोय.” सगळं जुळून आलं होतं, फक्त कंपनीची मंजुरी यायची होती. आणि खर्चाचा मोठा आकडा दिसताच कंपनीला एकदम जाग आली.

त्यांनी चौकशीला माणूस पाठवला. इस्त्रीचा शर्ट, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आलेला, अदबीने बोलणारा. मावशीने त्याला चहा केला, शेव वाढली. घरी आलेला माणूस म्हणजे पाहुणा, आणि हा तर मुलाच्या उपचाराचे पैसे मंजूर करायला आलेला पाहुणा! गुजरातीत आईला म्हणतात तसं ‘बा’ म्हणत त्याने विचारलं, “बा, लहानपणापासूनच त्रास होता ना?” मावशी खुलली. किती कष्टाने वाढवला, काय काय खाऊ घातलं, दूध कसं पाजलं, सगळं भरभरून सांगितलं. त्याने शांतपणे लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली, जाताना तिच्या पाया पडला. मी तिथे नव्हते, तरी आजही त्या माणसाचं ते वाकणं डोळ्यांसमोर आलं की माझे हात शिवशिवतात.

मग नकार आला. आजार पॉलिसी घेण्याच्या आधीपासूनचा, तो लपवून ठेवला, सबब दावा अमान्य. मी बँकेत नोकरी करते, कागद वाचायची मला सवय आहे, म्हणून भांडायचं काम माझ्याकडे आलं. लहानपणी अंगात रक्त कमी असणं आणि चाळिशीत कर्करोग होणं यांचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं. तो कागद मिळाला नाही, असं कंपनीवाले म्हणाले. पुन्हा पाठवला, तर शिक्का दिसत नाही म्हणाले. रिंग रोडवरच्या त्यांच्या थंडगार ऑफिसात एक गोरागोमटा तरुण अधिकारी मला समजावत होता, “मॅडम, पेशंटच्या आईनेच सांगितलंय.”

“अहो, तुमच्या आईला विचारा, तुम्ही लहानपणी किती जेवायचात!”

त्याला हसू आलं. खरंच आलं. मग त्याने ते गिळलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “सिस्टीममध्ये रिजेक्ट दाखवतंय.” म्हणजे त्याला कळलं होतं. कळलं नसतं तर मी त्याला माफ केलं असतं.

मनीषा राहती खोली विकायला निघाली, गिऱ्हाईकही मिळालं. पण कागदपत्रं होईपर्यंत रोग पुन्हा उसळला, आणि अहमदाबादच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. नकाराचं कारण मावशीला कुणी सांगू नये असं आमचं ठरलं होतं. पण घर केवढं, आवाज केवढे... तिला कळलंच. ती सुनीलच्या पायाशी बसून म्हणाली, “मीच मारं तुले. मी बोलाले नही पायजे व्हतं.” त्याच्यात तेव्हा उठून बसायचीही ताकद नव्हती. तरी म्हणाला, “माय, रडू नको. तू खोटं नही बोलनी.” त्यानंतर तो आठवडाभरही नव्हता.

तो गेल्यावर कंपनीचं उत्तर आलं. प्रकरणाचा फेरविचार करण्यात येत होता, परंतु रुग्णाने सदर उपचार घेतलेच नसल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. घेतलेच नाहीत! आपण दार लावून घ्यायचं आणि मग म्हणायचं, तुम्ही आत आलाच नाहीत. पैसे नाकारले याचा राग आहेच, पण एका आईच्या मायेचा पुरावा करून तो तिच्याच मुलावर वापरला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. लढा म्हणतात लोक. लढते आहे. पैसे मिळाले तरी मावशीच्या मनातून ते ‘मीच मारं’ काढणारं कुठलंही ऑफिस सुरतेत नाही.

मागच्या आठवड्यात तिला गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे नेलं. मला आठवतंय तेव्हापासून तिचे गुडघे दुखतात, हल्ली तर भिंत धरून चालते. डॉक्टर गुजराती, भला माणूस. त्यांनी विचारलं, “बा, क्यारथी दुखे छे?” कधीपासून दुखतंय.

मावशी त्यांच्याकडे बघत नव्हती, त्यांच्या हातातल्या पेनकडे बघत होती. तिने माझा हात घट्ट धरला.

“आजथी,” ती म्हणाली. “आज सवारथी.” आज सकाळपासून.