गाडीच्या मानेखालची चीर

चीर दिसली ती गाडी पुसताना. हँडलची मान जिथं फ्रेमला जोडलेली असते, तिथं खालच्या अंगाला केसाएवढी रेघ होती. रंग तडकला असेल म्हणून मी नख फिरवलं, तर नख अडकलं.

मोटरसायकल आमच्या दूध सोसायटीची. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे बसवून त्यात चार कॅन ठेवायचे आणि ऊन चढायच्या आत कळंबच्या दूध शीतकरण केंद्रात पोचवायचे, हे माझं काम. दुष्काळाचं साल होतं. शिवारात काही पिकलं नव्हतं, आणि सरकारी चारा छावणीतल्या वैरणीवर म्हशी देतील तेवढ्या दुधावर बऱ्याच घरांच्या चुली चालल्या होत्या. कळंबच्या रस्त्यावर रोजगार हमीची नवी खडी पसरलेली. तिच्यावरून रोज भरल्या कॅनांसकट आदळत जाऊन लोखंड चिरलं होतं. ती खडी फोडणाऱ्या बायांत माझी आईही होती.

मी बौद्धवाड्यातला. दूध माझ्या हातून जाणार म्हटल्यावर सुरुवातीला काही घरांनी दूध घालायचंच नाकारलं होतं. सोसायटीचे चेअरमन गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. गाडी त्यालाच चालवता येते, एवढंच बोलून त्यांनी तेव्हा विषय मिटवला होता. आता गाडी थांबली तर तो विषय पुन्हा निघणार, हे मला कळत होतं. चीर कुणाला सांगूच नये, असंही एकदा मनात आलं. मग धावत्या गाडीची मान तुटली तर काय होईल ते डोळ्यांपुढं आलं, आणि मी अण्णांच्या दारात जाऊन सांगितलं.

त्या दिवशी कॅन एसटीच्या टपावर चढवले. एसटी उशिरा आली आणि निम्मं दूध नासलं. संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं माझ्याशी बोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल बैलगाडीत घालून अण्णांनी आणि मी कळंबला मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री म्हातारे होते, वेल्डिंगनं डोळे कायमचे लाल झालेले. अण्णांचं ठरलेलं होतं. शेजारच्या भंगारवाल्याकडं अपघातातल्या तसल्याच गाडीची फ्रेम पडली होती. ती बसवायची, म्हणजे कटकट मिटली. फ्रेम दिसायलाही चांगली होती, रंग चकचकीत.

मिस्त्री म्हणाले, आधी दोन्ही बघू. त्यांनी दोन्ही फ्रेमींचा सांध्यांवरचा रंग खरवडला, रॉकेल चोपडलं, थोड्या वेळानं फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. कुठं चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडू ओला करतं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तिघं उकिडवं बसून पाहत राहिलो. आमच्या गाडीच्या मानेखाली बोटभर काळी रेघ उमटली. भंगारातली फ्रेम पांढरीच राहिली. अण्णा उठायला लागले. मिस्त्रींनी हातानंच त्यांना थांबवलं. तिच्या मागच्या चाकाच्या सांध्याजवळ एक ठिपका ओला झाला, मग त्याच्यापुढं दुसरा, आणि बघता बघता अर्धा नळा वेढणारी रेघ तयार झाली.

अण्णांनी विचारलं, "मग आपलीच जोडली तर टिकंल का?"

"जोड टिकंल," मिस्त्री म्हणाले. "त्याच्या शेजारचं लोखंड थकलंय का न्हाय, ते मला दिसत न्हाय. बसनाऱ्यानं ठरवावं."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"आपलीच जोडा," मी म्हणालो. "हिची चीर कुठं हाय, ते तरी ठाव हाय."

मिस्त्रींनी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढं सरकू नये. मग रेघ घासून खोल केली, थोडं थोडं वेल्डिंग केलं आणि दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या जोडल्या. लोखंड आपसूक थंड होऊ दिलं, पाणी मारू दिलं नाही. दोरी लावून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, तेही पाहिलं.

निघताना त्यांनी बजावलं, की एकदा ओझं घालून खडीवरून नेल्याशिवाय दूध चढवू नका. अण्णांनी बैलगाडी पुढं पाठवली आणि स्वतः माझ्या मागं बसले. ते अंगानं थोराड, दोन कॅनांएवढे तरी भरले असते.

खडी सुरू झाली तसं हँडल थरथरायला लागलं. प्रत्येक हादऱ्याला मी कान गाडीच्या मानेकडं लावत होतो. रस्त्याकडेच्या बायांचे हातोडे थांबले. आई उभी राहिलेली मला दिसली, पण मी मान वळवली नाही. तेवढ्यात एका मोठ्या हादऱ्याला अण्णांनी माझा खांदा घट्ट धरला. त्याआधी त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. खडी संपली, पण त्यांचा हात गावच्या वेशीपर्यंत तसाच होता.

त्या महिन्याच्या बैठकीत मी पहिल्यांदा बोललो. नवी फ्रेम मागवा, ती येईस्तोवर मी दोनच कॅन नेणार, बाकीचे एसटीनं जाऊ द्या, असं सांगितलं. कुणीतरी कुरकुरलं. अण्णा म्हणाले, "त्या गाडीवर मी बसलोय. तो म्हंतो तसंच करा."

फ्रेम दिवाळीनंतर आली. तोवर मी दर रविवारी खडू चोळून पाहत होतो. जोडावर काही उमटलं नाही, तरी सोमवारी गाडीला किक मारायच्या आधी मी मानेखाली नख फिरवून बघायचोच.