नाड्याखालचा जोड

माही सून नीतू शेतावर औषध फवारनारा ड्रोन उडवते. आमच्या जामुल गावात तिले सारे पायलट मॅडमच म्हनतात. हातात रिमोट आला का नीतू कोनाचीच नाई. एकदा फवारनी चालू असताना एक शेतकरी मधातच बडबडाले लागला, तर तिनं ढेकूळ उचलून त्याच्या पायावर हानलं. मले तिचा हाच ताव आवडते.

ड्रोनले चार दांडे, टोकाले पंखे. दांडा जिथं मुडपते, थो जोड रोजच्या उघडझापीनं झिजते. म्हनून उडवायच्या आधी नीतू एकेक जोड बोटानं चाचपून पाहे.

विश्वकर्मा पूजेले माह्या बुढ्यानं, तेजरामनं, घोळ केला. सारा जनम कारखान्यात गेला त्याचा. मशीनले पूजेचा नाडा बांधल्याबिगर त्याले चैन नाई. चारही जोडांवर लाल नाडा गच्च गुंडाळला, अन् उरलेला आमच्या पोराच्या, हेमराजच्या मनगटाले बांधला. हेमराज बायकोसंगच शेतावर जाते, बांधावर उभा राहून तिले इशारा करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीतू कातर घेऊन आली. म्हने, "बाबा, नाडा कापते. जोड दिसून नाई राहिला."

"खबरदार! पूजेचा नाडा कापत नसतात. आपसूक गळू दे."

मी म्हटलं, "अवो, पाहू द्या ना तिले! अक्कल देव्हाऱ्यात ठेवली काय?" तर माह्याच अंगावर धावून आला बुढा. नीतूनं कातर ठेवून देली.

त्याच दिवशी धानावर ड्रोन फिरून राहिला होता. नीतूच्या गळ्यातल्या पिशवीत फोन वाजला. बंद झाला, पुन्हा वाजला. घरी काई झालं का काय, म्हनून तिनं खाली पाहिलं. बाबांचा फोन होता. तिकडं ड्रोन डगमगून राहिला होता अन् तिची नजर फोनवर. नाड्याखालचा जोड तुटला. ड्रोन वाकडा होऊन सरळ हेमराजच्या तोंडावर गेला. त्यानं हात आडवा धरला. पंख्यानं हात सोलून काढला, दोन बोटं चिखलात उडाली. पोट्टा खाली पडला तरी पंखे त्याले कापतच होते. नीतूनं लाथेनं ड्रोन उलटवला अन् बॅटरी उपसली. त्यात तिच्या पोटरीचंही मास निघालं. मंग औषधाच्या बादलीनं ते मशीन फुटतवरी हानत राहिली.

दवाखान्यात तिनंच हे सारं सांगतलं. बुढा म्हने, "नाडा हाये ना, येवढंच पुसाले फोन केलता मी."

माह्या डोस्क्यात आग गेली. साऱ्यांदेखत दोन थोबाडीत देल्या त्याच्या. जनमात पहिल्यांदा हात उचलला मी.

हेमराजचा हात सुजून टम्म झालता. मनगटावरचा नाडा मासात रुतून बसला होता. नर्सनं कात्री उचलली, अन् बुढ्याकडं पाहून थबकली.

"बाबूजी, पूजा का है क्या? काट दूँ?"

बुढ्यानं कात्री तिच्या हातून घेतली. सोतानंच नाडा कापला.

"सकाळी येवढंच तर मांगत होती पोरगी," मी म्हटलं.